जब्दीचा मुलगा याकोब



जुलै महिन्यात कधी मिरकरवाडा बंदरावर चक्कर मारली आहे का? एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसते. लिलावाचा गलका, बर्फाच्या गाड्या, टोपल्या घेतलेल्या बायका आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी. पावसाळ्यात मात्र सगळे शांत असते. बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात, त्यांच्यावर प्लास्टिकचे कापड ओढलेले असते आणि कुठेतरी आडोशाला बसून माणसे जाळी नीट करीत असतात. १ जून ते ३१ जुलै ह्या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी आहे. माशांच्या विणीचे हे दिवस, आणि समुद्रही खवळलेला. वर्षभर ओढून, घासून, फाटून आलेली जाळी ह्या दोन महिन्यांत पुन्हा कामाला लावायची असतात.

ह्याच बंदीच्या दिवसांत, २५ जुलैला, ख्रिस्तसभा प्रेषित संत याकोब ह्याचा सण साजरा करते. बाहेर धो धो पाऊस, मुलांच्या शाळा नुकत्या सुरू झालेल्या, त्यामुळे हा सण आपल्या फारसा लक्षात राहत नाही. ३ जुलैला संत थोमाच्या सणाला आपण आवर्जून येतो, कारण तो भारताचा प्रेषित. याकोब बिचारा मागे पडतो. म्हणून ह्या वेळी त्याच्याविषयी लिहायचे ठरवले. दुसरेही एक कारण आहे. शुभवर्तमानात याकोब आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो अगदी मिरकरवाड्यावरच्या ह्या माणसांसारखाच. होडीत, बापाशेजारी बसून, जाळी नीट करताना.

त्याच्याकडे वळण्याआधी एक लहानशी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुमारास संध्याकाळी भाट्ये पुलावरून चालत येत होतो. ओहोटी लागली होती. काजळीच्या खाडीत काठालगत गुडघाभर पाण्यात दोघे जण पाग घेऊन उभे होते. एकाची साठी उलटलेली, दुसरा तिशीच्या आतबाहेरचा. बापलेक आहेत हे चेहऱ्यांवरूनच कळत होते. पाग मुलाच्या हातात होता आणि बाप खांद्याला पिशवी अडकवून दोन पावले मागे उभा होता. तोंडाने तो काही बोलत नव्हता. पाण्यावर कुठे सुरकुती उठली की नुसता हनुवटीने खुणावायचा. मुलाने फेकलेला पाग पहिल्या दोन वेळा गोळा होऊनच पडला. तिसऱ्यांदा उघडला, पुरा गोल नाही, पण उघडला. चार-पाच बोई आणि एक काळुंदर एवढेच आले. बापाने मासे सोडवून पिशवीत टाकले आणि पाग पुन्हा मुलाच्याच हातात दिला.

वर आल्यावर दोन शब्द बोलणे झाले. मुलगा पुण्याला एका कारखान्यात कामाला, चार दिवसांच्या रजेवर आलेला. ह्या पागाचे पुढे काय, असे मी सहज विचारून गेलो. विचारायला नको होते असे नंतर वाटले. बाप हसला आणि म्हणाला की पाग काय, तो खुंटीलाही राहतो. मग दोघे राजिवड्याच्या बाजूला निघून गेले. त्या रात्री मला जब्दीची आठवण झाली. याकोबाचा बाप तो हाच.

याकोब गालील प्रांतातला. आईचे नाव सलोमी असे परंपरा मानते. भाऊ योहान. दोघांची नावे सांगताना शुभवर्तमानकार बहुतेक वेळा याकोबाचे नाव आधी घेतात, म्हणून तो थोरला असे समजले जाते. बारा प्रेषितांत आणखी एक याकोब होता, अल्फीचा मुलगा. दोघांत घोटाळा होऊ नये म्हणून आपल्या याकोबाला थोरला याकोब आणि दुसऱ्याला धाकटा याकोब म्हणतात. शिमोन पेत्र हा जब्दीच्या मुलांचा धंद्यातला भागीदार होता, असे संत लूक सांगतो. म्हणजे एका होडीवर पोट भरणारे हे कुटुंब नव्हते. धंदा बऱ्यापैकी मोठा होता.

गालीलचा समुद्र हा नावाचाच समुद्र. खरे तर ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त १३. आपण रत्नागिरीहून पावसला जातो त्याहून थोडीच अधिक लांबी. जगातल्या समुद्रसपाटीपेक्षा ते सुमारे २१० मीटर खाली आहे आणि भोवती डोंगर आहेत. त्यामुळे वारा वरून एकदम कोसळतो आणि शांत पाणी बघता बघता उसळते. तिथे मिळणारा मुख्य मासा म्हणजे आपल्या धरणांत आता सर्रास मिळणाऱ्या चिलापीचा भाऊबंद. तिथले लोक त्याला मुश्त म्हणतात आणि यात्रेकरूंना तो संत पेत्राचा मासा म्हणून ताटात वाढतात. दुसरा एक लहान, चंदेरी मासा खारवून लांब पाठवला जाई. सरोवराच्या पश्चिम काठावरच्या मग्दालाचे ग्रीक नावच मुळी मासे खारवण्याच्या धंद्यावरून पडले होते. योसेफस नावाच्या ज्यू इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की इसवी सन ६६ नंतरच्या युद्धाच्या गडबडीत त्याने त्या गावातून २३० होड्या गोळा केल्या होत्या. इतक्याशा पाण्यात एवढ्या होड्या म्हणजे मासळीचा व्यापार केवढा असेल!

त्या काळची एक होडी आज आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. १९८६ साली मोठा दुष्काळ पडला आणि सरोवराचे पाणी खूप मागे हटले. गिनोसर नावाच्या वस्तीतल्या दोन भावांना, जे स्वतः मच्छीमार होते, उघड्या पडलेल्या चिखलात लाकडाची एक कड दिसली. बारा दिवस रात्रंदिवस खपून ती होडी बाहेर काढली. लांबी सुमारे ८ मीटर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. लाकूड तपासल्यावर ती ख्रिस्ताच्या काळच्या आसपासची ठरली. ती याकोबाची किंवा पेत्राची होडी आहे असे कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण तशीच ती असणार. मला त्या होडीतली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती तिची ठिगळे. दहा-बारा जातींची लाकडे तिच्यात सापडली. एक फळी कुजली की मिळेल त्या लाकडाची दुसरी बसवायची, असे करीत करीत कुणीतरी ती वर्षानुवर्षे चालवली होती. ज्यांच्या घरी होडी आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता जाळ्यांविषयी, कारण आपल्या गोष्टीत जाळी महत्त्वाची आहेत. संत मत्तयाने लिहिलेला प्रसंग नीट वाचला तर एक फरक दिसतो. पेत्र आणि आंद्रिया हे दोघे भाऊ जाळे फेकीत होते. तिथे मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे तो गोल फेकजाळ्याचा आहे, म्हणजे आपला पाग. पाग हे उथळ पाण्याचे काम. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून किंवा काठालगतच्या होडीतून फेकायचे. कफर्णहूमपासून दोन-तीन किलोमीटरवर ताबघा नावाची जागा आहे. तिथे ऊन पाण्याचे झरे सरोवरात मिळतात. आपल्या संगमेश्वर तालुक्यात तुरळला, राजवाडीला ऊन पाण्याची कुंडे आहेत, त्यातलाच प्रकार, फक्त पाणी तितके कढत नाही. हिवाळ्यात मुश्त मासे त्या उबेला काठाजवळ गोळा होतात. मच्छीमारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पेत्र आणि आंद्रिया काठाजवळ पाग टाकताना दिसले ते ह्याच किनाऱ्याच्या आसपास, असे बरेच जाणकार मानतात.

याकोब आणि योहान मात्र होडीत बसून जाळी नीट करीत होते. ही मोठी जाळी रात्री सोडायची आणि सकाळी धुऊन, दुरुस्त करून वाळत घालायची. नायलॉन तेव्हा कुठले? जवसाच्या खोडापासून काढलेल्या धाग्याची जाळी असत. ओली राहिली की कुजत, आणि दिवसाउजेडी माशांना ती दिसत, म्हणून रात्रीचे काम. आपल्याकडेही नायलॉन येईपर्यंत सुती आणि तागाची जाळी होती आणि ती टिकावीत म्हणून झाडांच्या सालीच्या रंगात बुडवून काढीत, हे जुन्या लोकांना आठवत असेल. किनाऱ्यावरून दोरांनी ओढायची रापणसुद्धा गालीलात होती. प्रभू येशूने स्वर्गाच्या राज्याला जाळ्याची उपमा दिली, ज्यात सगळ्या जातींचे मासे सापडतात आणि मग किनाऱ्यावर बसून निवडले जातात, ते जाळे म्हणजे रापणच. रापणीची गोष्ट समजायला कोकणातल्या माणसाला टीकाग्रंथ उघडावा लागत नाही.

तर अशा एका सकाळी, सुमारे इसवी सन २८-२९ च्या काळात, तीन माणसे होडीत बसली होती. म्हातारा जब्दी आणि त्याचे दोन कर्ते मुलगे. शिवाय मोलाने ठेवलेली माणसे. प्रभू येशू काठाने चालत आला. पेत्र आणि आंद्रिया त्याच्यामागे निघालेच होते. त्याने याकोबाला आणि योहानाला हाक मारली आणि ते दोघे उठले.

इथे पुन्हा एक फरक आहे. पेत्र आणि आंद्रिया ह्यांनी जाळी सोडली, असे मत्तय लिहितो. याकोब आणि योहान ह्यांच्याबद्दल लिहिताना तो म्हणतो की त्यांनी होडी आणि बाप दोन्ही मागे ठेवले. लहानपणापासून हा प्रसंग मिस्सात ऐकत आलो. प्रवचनांत नेहमी उठून गेलेल्या मुलांचे कौतुक ऐकले आणि ते योग्यच आहे. पण होडीत बसून राहिलेल्या माणसाकडे आपण कितीदा पाहिले? त्याच्या हातात अर्धवट शिवलेले जाळे असणार. दोन जागा एकदम रिकाम्या झाल्या. मायबापांचा मान राखा ही आज्ञा त्या मुलांना आपल्याइतकीच पाठ होती. बापाला म्हातारपणी धंद्यात एकटे टाकून जाणे ही त्या समाजात साधी गोष्ट नव्हती. आपल्याकडेही नाही. दुबईला, पुण्याला, मुंबईला मुलगा गेला की घरात काय होते हे ह्या धर्मग्रामातल्या कितीतरी घरांना माहीत आहे, आणि सेमिनरीत किंवा कॉन्व्हेंटात मूल गेलेल्या घरांना तर त्याहून जास्त.

त्या मोलाच्या माणसांचा उल्लेख एकट्या संत मार्काने जपून ठेवला आहे. मुलगे गेले तेव्हा जब्दी त्यांच्यासोबत होडीत राहिला, असे तो सांगतो. मार्क हा सर्वांत थोडक्यात लिहिणारा शुभवर्तमानकार. तो उगाच एक शब्द खर्च करीत नाही. मग हा तपशील कशाला? मला वाटते, याकोबाने बापाला उघड्यावर टाकले नाही, काम चालू राहील एवढी सोय होती, हे त्याला वाचणाऱ्याला कळवायचे असावे. आज मिरकरवाड्यावर बोटींवर नेपाळहून आलेले कितीतरी खलाशी काम करतात. घरची मुले दुसऱ्या वाटेने गेली तरी बोट जाते. जब्दीची होडीही त्या रात्री गेली असणार.

संत लूकाने हीच हकीकत वेगळ्या अंगाने सांगितली आहे. रात्रभर काही मिळाले नव्हते आणि प्रभूच्या सांगण्यावरून पेत्राने पुन्हा जाळे सोडले, तेव्हा एवढी मासळी लागली की जाळी फाटायला लागली. भागीदारांना खुणेने बोलवावे लागले आणि दोन्ही होड्या काठोकाठ भरल्या. त्या भागीदारांत याकोब होता. होड्या किनाऱ्याला लावून ते सगळे सोडून निघाले. धंद्यात नुकसान झाले म्हणून माणूस दुसरे काही शोधतो, हे समजते. ह्यांनी आयुष्यातली सर्वांत मोठी मासळी किनाऱ्यावर ठेवून पाठ फिरवली. ते मासे पुढे कुणी निवडले, कुणी विकले हे लूक सांगत नाही. मला तरी वाटते, जब्दीनेच.

पुढची साधारण तीन वर्षे याकोब प्रभूबरोबर फिरला. बारा जणांत पेत्र, याकोब आणि योहान हे तिघे अधिक जवळचे. याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभूने मरणातून उठवले तेव्हा खोलीत ह्या तिघांनाच नेले. डोंगरावर प्रभूचे रूपांतर झाले तेव्हा हेच तिघे, आणि गेथसेमनी बागेत प्रभू व्याकूळ होऊन प्रार्थना करीत होता तेव्हाही हेच. तिथे तिघेही झोपी गेले. रात्र रात्र जाळ्यावर जागणाऱ्या माणसांना त्या रात्री तासभर जागता आले नाही.

स्वभावाने दोघे भाऊ तापट होते. प्रभूने त्यांना मेघगर्जनेचे पुत्र असे नाव ठेवले होते, आणि त्यात थोडी थट्टाही असावी. एकदा शोमरोनातल्या एका गावाने प्रभूला मुक्कामाला जागा नाकारली. हे दोघे एवढे भडकले की आकाशातून अग्नी पाडून गाव जाळून टाकायची परवानगी मागू लागले. प्रभूने त्यांनाच दटावले आणि सगळे मुकाट्याने दुसऱ्या गावी गेले. एका बोटीच्या जाळ्यात दुसऱ्या बोटीचे जाळे अडकल्यावर भरसमुद्रात काय भाषा चालते ते ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ह्या दोघांची ओळख चटकन पटेल.

मग आईची गोष्ट. यरुशलेमच्या वाटेवर असताना ती प्रभूकडे आली आणि त्याच्या राज्यात आपल्या एका मुलाला उजवीकडे आणि दुसऱ्याला डावीकडे बसवावे, असे मागू लागली. संत मार्काच्या मते ही मागणी मुलांनीच केली. प्रभूने त्यांना विचारले की जो प्याला त्याला प्यायचा आहे तो त्यांना पिता येईल का. येईल, असे दोघांनी बेधडक सांगितले. प्याला त्यांच्या वाट्याला येईल, पण जागा देणे आपल्या हाती नाही, असे प्रभूने उत्तर दिले. बाकीचे दहा जण चिडले ते चिडलेच. ह्या आईची अनेकजण गंमत करतात. पण हीच बाई गालीलापासून प्रभूच्या मागे आली होती, इतर स्त्रियांबरोबर त्याची सेवा करीत होती आणि प्रभूला क्रुसावर दिले तेव्हा ती तिथे होती. तेव्हा तिचा थोरला मुलगा पळून गेलेला होता. त्या स्त्रिया आपल्या पैशाने प्रभूच्या मंडळींचा खर्च चालवीत, असे लूक म्हणतो. सलोमीच्या हातचा पैसा कुठून येत होता? माझ्या मते तो जब्दीच्या होडीतून येत होता. हा माझा तर्क आहे, पण तो मला सोडवत नाही. मागे राहिलेला म्हातारा मासे मारीत होता आणि त्यावर, थोडीबहुत का होईना, प्रेषितांची भाकर भाजली जात होती.

प्रभूच्या पुनरुत्थानानंतर याकोब एकदा पुन्हा मासे मारायला गेलेला दिसतो. संत योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय काढून पाहा. पेत्र मासे मारायला निघाला आणि सहा जण त्याच्याबरोबर गेले. त्यांत जब्दीचे मुलगे होते. तिथे त्यांची नावेसुद्धा दिलेली नाहीत, बापाच्या नावानेच ओळख आहे. रात्रभर पुन्हा काही मिळाले नाही. उजाडताना काठावर कुणीतरी उभे दिसले. त्याच्या सांगण्यावरून उजव्या बाजूला जाळे टाकले आणि ते ओढवेना. प्रभू आहे हे कळताच पेत्राने पाण्यात उडी घेतली. बाकीचे होडीतूनच आले, कारण किनारा शंभरेक मीटरवरच होता. काठावर निखारे पेटलेले होते, त्यावर मासे आणि भाकर. मासे मोजले ते १५३ भरले. आणि योहान मुद्दाम नोंद करतो की एवढे असूनही जाळे फाटले नाही. ज्याने लहानपणापासून बापाशेजारी बसून फाटलेली जाळी शिवली, त्याच्याच डोळ्यांना हे दिसणार.

त्यानंतर याकोब यरुशलेमात राहिला. तिथल्या त्याच्या कामाचा तपशील प्रेषितांच्या पुस्तकात येत नाही. येते ते त्याचे मरण, आणि तेही एका वाक्यात. हेरोद अग्रिप्पा पहिला हा इसवी सन ४१ पासून यहूदियाचा राजा होता. रोममध्ये वाढलेला, बादशहांच्या मर्जीतला आणि यरुशलेमातल्या पुढाऱ्यांना खूश ठेवायला धडपडणारा. त्याने ख्रिस्ती मंडळींवर हात टाकला आणि याकोबाला तरवारीने ठार मारले. लोकांना ते आवडलेले पाहून पेत्रालाही धरले, पण पेत्र सुटला. ४४ साली स्वतः अग्रिप्पाही वारला. म्हणजे याकोबाचे मरण ४२ ते ४४ ह्या काळातले. बारा प्रेषितांपैकी रक्तसाक्षी होणारा तो पहिला. चौथ्या शतकातल्या युसेबियस ह्या इतिहासकाराने एक जुनी आठवण नोंदवली आहे. याकोबावर आरोप करणारा माणूस त्याचे धैर्य पाहून स्वतःच ख्रिस्ती झाला. दोघांना एकत्रच मारायला नेले. वाटेत त्या माणसाने क्षमा मागितली, तेव्हा याकोब क्षणभर थांबला आणि शांती देऊन त्याने त्याचे चुंबन घेतले. गाव जाळायला निघालेला तापट तरुण तो हाच.

धाकटा योहान पुष्कळ म्हातारा होऊन, प्रेषितांत सर्वांत शेवटी वारला असे परंपरा सांगते. एक भाऊ सर्वांत आधी गेला आणि दुसरा सर्वांत शेवटी.

याकोबाची स्पेनमधली कीर्ती पुष्कळांनी ऐकली असेल. त्याने तिथे जाऊन सुवार्ता सांगितली आणि मरणानंतर त्याचे शरीर होडीतून तिथल्या किनाऱ्याला नेले, अशी तिथली श्रद्धा आहे. इतिहासकार ह्याबाबत साशंक आहेत. एवढे खरे की नवव्या शतकाच्या सुरुवातीला थेओदोमीर नावाच्या बिशपांच्या काळात वायव्य स्पेनमध्ये एक कबर सापडली आणि ती याकोबाची मानली गेली. त्या जागेवर सांतियागो दे कोंपोस्तेला हे शहर उभे राहिले. आजचे महामंदिर बांधायला १०७५ साली सुरुवात झाली. १५८९ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्याच्या भीतीने अवशेष लपवले गेले आणि ते १८७९ साली पुन्हा सापडले. १८८४ मध्ये पोप तेरावे लिओ ह्यांनी त्यांना मान्यता दिली. आपल्याकडे पंढरीची वारी चालते तशी तिथली वाट माणसे पायी चालतात. २०२३ मध्ये पायी, सायकलने वगैरे पोहोचून नोंद केलेल्या यात्रेकरूंचा आकडा चार लाख चाळीस हजारांच्या वर गेला होता. २५ जुलै रविवारी येतो ते वर्ष तिथे पवित्र वर्ष असते. पुढचे २०२७ साली आहे.

मध्ययुगात मात्र ह्या मच्छीमाराचे एक वेगळेच रूप केले गेले. स्पेनमधल्या युद्धांत त्याला पांढऱ्या घोड्यावर बसवून हातात तलवार दिली, त्याच्या नावाने सैनिक रणगर्जना करू लागले आणि त्याच्या नावाच्या लष्करी पंथाचे सरदार पुढे गोव्यापर्यंत आले. अफोन्स द आल्बुकर्क त्याच पंथाचा. तलवारीने मारल्या गेलेल्या माणसाच्या हाती तलवार देणे मला तरी बरे वाटत नाही. त्यापेक्षा यात्रेकरूंनी निवडलेली त्याची खूण कितीतरी चांगली, ती म्हणजे पंख्यासारखी शिंपली. कोंपोस्तेलाची वाट संपली की पुष्कळजण पुढे समुद्रापर्यंत जात आणि शिंपली घरी आणत. वाटेत तिनेच पाणी प्यायचे. आपल्या खाडीत ओहोटीला बायका वाकून मुळे आणि कालवे काढतात, तसल्याच उथळ पाण्यातली ही वस्तू.

त्याचे नावही किनाऱ्या-किनाऱ्याने फिरत बदलले. याकोब, जेम्स, सांतियागो, पोर्तुगीजांत तियागो. गोव्याकडच्या आपल्या नातेवाइकांत एखादा तियागो सापडेलच. आणि रत्नागिरीच्या रस्त्यांवर टाटांची टियागो गाडी धावते, तेही तेच नाव. चालवणाऱ्यांना ठाऊक असो वा नसो.

जब्दीचा सण मात्र कॅलेंडरात नाही. २६ जुलैला पवित्र मरियेच्या आईवडिलांचा, संत ॲना आणि संत योवाकिम ह्यांचा सण असतो, त्यांची आठवण होते. जब्दी होडीतच राहिला, शुभवर्तमानात तो पुन्हा कुठे दिसत नाही. पण २५ तारखेला सकाळी मिस्साला आलात तर त्या दिवसाचे शुभवर्तमान नीट ऐका. मुलांची आई मागणे मागायला येते तोच उतारा त्या दिवशी वाचतात आणि त्याच्या पहिल्याच ओळीत जब्दीचे नाव आहे.